महात्मा जोतीराव फुले यांचे शेतीविषयक जीवन व विचार

जोतीराव गोविंदराव फुले (जन्म : पुणे, ११ एप्रिल १८२७, मृत्यू : पुणे, २८ नोव्हेंबर १८९०) हे मराठी समाजसुधारक, लेखक, शिक्षणप्रसारक व सत्यशोधक समाजाचे संस्थापक होते. स्त्रिया व अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी त्यांनी काढलेल्या शाळा आणि जातिभेदाविरुद्धचा त्यांचा लढा सर्वपरिचित आहे. ते स्वतः शेती करणारे होते, ही गोष्ट त्या मानाने कमी लक्षात घेतली जाते. डोंगरावरील झाडी, गावाचे गायरान, शेतकऱ्याची जनावरे, शेतातील माती आणि विहिरीचे पाणी ही एकाच साखळीची अंगे असून त्यांतील एक तुटले की शेतकरी बुडतो, असे विवेचन त्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व कार्याचा परामर्श मुख्यतः या अंगाने घेतला आहे.

पूर्वज आणि मूळ गाव

फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. हे गाव कोरेगाव तालुक्याला लागून असलेल्या खटाव तालुक्यात आहे. साताऱ्याहून कोरेगावमार्गे पूर्वेकडे निघाले की वर्धनगडाचा घाट ओलांडल्यावर पुसेगाव परिसर लागतो. कटगुण याच भागात येते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख अवर्षणप्रवण आहे. डोंगरउतारावर मुरमावर मातीचा पातळ थर आणि खोलगट भागात काळी जमीन, अशी येथील ठेवण असल्याने ज्वारी-बाजरीची जिरायत शेती व तिच्या जोडीला गुरे आणि शेळ्या-मेंढ्या हाच निर्वाहाचा परंपरागत मार्ग राहिला. खिलार बैल आणि धनगरांचे मेंढ्यांचे कळप ही या पट्ट्याची जुनी ओळख आहे.

घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांच्या पणजोबांकडे कटगुणला चौगुल्याचे काम होते. गावच्या कुलकर्ण्याशी झालेल्या तंट्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले व ते पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे स्थायिक झाले. पुढे जोतीरावांचे आजोबा शेटिबा यांच्या काळात कुटुंब पुण्यास आले. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून 'फुले' हे आडनाव रूढ झाले.

बालपण व शिक्षण

जोतीराव एक वर्षाचे होण्याच्या सुमारास त्यांच्या आई चिमणाबाई यांचे निधन झाले. प्राथमिक शिक्षणानंतर वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेतीच्या व मळ्याच्या कामाला लावले. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातल्यावर १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण पूर्ण झाले. १८४० मध्ये त्यांचा सावित्रीबाईंशी विवाह झाला होता. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

मांजरीची शेती

समाजकार्यासाठी जोतीरावांनी कोणाकडून वेतन घेतले नाही. उपजीविकेसाठी त्यांनी शेती केली व बांधकामाचे ठेके घेतले. खडकवासला धरणाच्या कामाला माल पुरवण्याच्या निमित्ताने त्यांना मजुरांचे हाल, अभियांत्रिकी खात्याचा कारभार आणि पाटबंधाऱ्यांची रचना जवळून पाहता आली. पुण्याच्या पूर्वेस मांजरी येथे त्यांनी कालव्याच्या पाण्यावर बागायती केली. पाणी हाती आले तरी खत, बैल आणि पाळीव्यवस्था नीट नसेल तर त्याचा लाभ होत नाही, हा अनुभव त्यांच्या लेखनात उतरलेला दिसतो. कालव्याचे पाणी मोजून व वेळेवर द्यावे आणि पाणी न मिळाल्यास खात्याने जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

दुष्काळ आणि जंगल कायदा

१८७० चे दशक दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कठीण ठरले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो आसपासच्या गावांत पसरला. त्यानंतर १८७६ ते १८७८ या काळात मोठा दुष्काळ पडला. पुणे, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांना त्याची झळ बसली. माणसांबरोबर जनावरेही चाऱ्यावाचून मेली. ज्या शेतकऱ्याचे बैल गेले, त्याला पुढील पावसाळ्यात जमीन नांगरणेही शक्य नव्हते. जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने दुष्काळग्रस्तांसाठी मदतकार्य उभारले व धनकवडी येथे मुलांच्या जेवणाची सोय केली. याच वर्षांत, १८७६ ते १८८२, ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.

दुष्काळ ओसरत असतानाच १८७८ चा भारतीय वन कायदा आला. त्यानुसार राखीव व संरक्षित वने ठरवून चराई, सरपण व वनोपज यांवर निर्बंध घालण्यात आले. कोरडवाहू मुलखातील लहान शेतकऱ्याची जनावरे पडीक रान आणि डोंगर यांवरच जगत असल्याने या निर्बंधांचा पहिला फटका त्यांना बसला.

'शेतकऱ्याचा असूड' मधील विश्लेषण

हा ग्रंथ पाच प्रकरणांचा आहे. लिहून होईल तसे त्याचे भाग जोतीराव पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर आदी ठिकाणी श्रोत्यांना वाचून दाखवत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु' पत्रात पहिली दोन प्रकरणे छापली गेली, पुढील भाग मात्र छापला गेला नाही. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत वाचकांपर्यंत पोहोचला नाही.

शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगताना त्यांनी सारावाढ, सावकारी, नोकरशाही आणि धार्मिक कर्मकांडाचा खर्च यांबरोबर जमिनीचा कस कमी होण्याची मीमांसा केली आहे. तिचे मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

झाडी व खत : पूर्वी डोंगरावरील पालापाचोळा, गवत, फुले व मेलेले कीटक-प्राणी कुजून त्यांचे सत्त्व वळवाच्या व पावसाळ्याच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येई. हे शेताला मिळणारे विनामूल्य खत होते. वनव्यवस्थेत झालेल्या बदलाने ही वाट खुंटली. आजच्या परिभाषेत हा सेंद्रिय कर्बाच्या व अन्नद्रव्यांच्या वहनाचा विचार ठरतो.

रान व जोडउत्पन्न : अल्पभूधारक कुटुंबे रानातील फळे खाऊन आणि पाने, फुले, सरपण विकून शेतीतील तूट भरून काढत. गायरानाच्या आधारावर ती एक-दोन गाई व दोन-चार शेळ्या पाळत. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी व गायराने वनखात्याकडे गेल्यावर शेळी चारायलाही जागा उरली नाही.

जनावरे व मशागत : चारा घटल्याने, रोगराईने आणि गोऱ्या सैनिकांच्या आहारासाठी होणाऱ्या गाई-बैल व वासरांच्या कत्तलीमुळे धट्टेकट्टे बैल मिळेनासे झाले. बैल कमी झाल्याने नांगरट उथळ झाली आणि शेणखत कमी झाल्याने पीक घटले.

जमिनीची विश्रांती : लोकसंख्या वाढल्यामुळे शेत आलटून-पालटून पड टाकण्याची चाल मोडली. सतत पीक घेतल्याने जमीन थकली, परंतु दर तीस वर्षांनी होणाऱ्या फेरपाहणीत तिच्यावरील सारा मात्र वाढत राहिला.

सुचवलेले उपाय

ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात जोतीरावांनी सरकारने करावयाच्या गोष्टी नमूद केल्या आहेत. शेतीसुधारणेच्या आराखड्याप्रमाणे त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

त्यांचा पहिला भर माती अडवण्यावर आहे. लष्करातील व पोलीस खात्यातील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे अशा रीतीने बांधून घ्यावेत, की पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्या-नाल्यांना मिळेल. त्यामुळे माती वाहून जाणार नाही व जमीन सुपीक होईल. डोंगर-टेकड्यांमधील दऱ्यांत सोयीच्या जागी तळी व तलाव बांधावेत, म्हणजे भर उन्हाळ्यातही खालच्या ओढ्यांना पाणी राहील आणि विहिरींना पाझर मिळेल. भूगर्भातील पाणी ओळखणाऱ्या पाणाड्यांकडून झऱ्यांच्या जागा शोधून त्या नकाशात नोंदवाव्यात, असेही त्यांनी सुचवले. नदी-नाले व तलावांत साठलेला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा, ही त्यांची मागणी होती.

दुसरा भर गायरानावर आहे. वनखात्यात सामील केलेली गायराने गावांना परत करावीत. मात्र घरच्या व शेतीच्या गरजेपलीकडे विक्रीसाठी सरपण किंवा इमारती लाकूड तोडू देऊ नये. गावाला हक्क आणि हक्काबरोबर मर्यादा, अशी ही मांडणी आहे. ती त्या काळच्या सरसकट बंदीपेक्षा आणि सरसकट मोकळिकीपेक्षाही वेगळी होती.

तिसरा भर पशुधनावर आहे. परदेशातून उत्तम जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणून त्यांची पैदास येथे करावी. त्यांच्या लेंड्या व मूत्र यांमुळे शेते खतावतील आणि लोकरीचे उत्पन्नही मिळेल. देशी गाई-बैल व वासरांची सैन्यासाठी होणारी कत्तल थांबवावी आणि त्याऐवजी अन्य सोय करावी. गोवंशरक्षणाचा हा युक्तिवाद त्यांनी धार्मिक आधारावर न मांडता नांगर, मोट व खत यांच्या गरजेवर मांडला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. रानटी जनावरांपासून पिकांचे संरक्षण करण्यासाठी हत्यारे बाळगू द्यावीत अथवा नुकसानभरपाई द्यावी, असेही त्यांनी म्हटले आहे.

याखेरीज शेतकऱ्यांच्या मुलांना सुतारकाम, लोहारकाम व शेतीशास्त्र शिकवावे आणि वार्षिक प्रदर्शने भरवून उत्तम पीक काढणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशा सूचनाही ग्रंथात आहेत.

अखेरची वर्षे

मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात उपस्थित राहिले. दागदागिन्यांनी नटलेल्या पाहुण्यांवरून देशाची परीक्षा करू नये, खरी प्रजा खेड्यांत आहे, असा त्यांच्या तेथील भाषणाचा आशय होता. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला व उजवी बाजू निकामी झाली. त्यानंतर डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन व वारसा

जोतीरावांच्या उपायांची सारी भिस्त सरकारच्या कृतीवर होती आणि त्यांच्या हयातीत यातील फारच थोडे घडले. गायरानांवरील गावाचा हक्क, चराईबंदी आणि परदेशी जातींशी संकर हे प्रश्न विसाव्या शतकातही वादाचे राहिले. तथापि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावे व त्याबरोबर माती, चारा आणि जनावरे सांभाळावीत, हे पुढे पाणलोट क्षेत्र विकास या नावाने रूढ झालेले तत्त्व त्यांच्या लेखनात आधीच आढळते.

महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' प्रकाशित केल्यावर हा ग्रंथ सर्वदूर पोहोचला. राहुरी येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या कृषी विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. तेथे गीर, जर्सी व होल्स्टिन या तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही दुधाळ गाय विकसित झाली.

त्यांच्या मूळ गावाच्या शेजारी असलेल्या कोरेगाव तालुक्याची निवड २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातील तीन तालुक्यांत झाली. वरुड व अंबाजोगाई हे अन्य दोन तालुके होते. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदानातून डोंगरउतारावर चर व बांध घालून या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. जे काम शिपायांकडून करून घ्यावे असे जोतीरावांनी १८८३ मध्ये सुचवले होते, त्याच प्रकारचे काम येथे गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने केले.