ज्या उंचीनं फ्लो हायमनला स्टार केलं, त्याच उंचीत आजाराची खूण होती

२४ जानेवारी १९८६. जपानच्या मात्सुए शहरात महिला व्हॉलीबॉलची मॅच सुरू होती. दाइएई संघाची एक खेळाडू बदली होऊन बाकावर येऊन बसली आणि काही क्षणांतच खाली कोसळली. त्याच संध्याकाळी तिचा मृत्यू झाला. वय होतं फक्त ३१.

ती होती फ्लो हायमन. अमेरिकेच्या व्हॉलीबॉलची सगळ्यात मोठी स्टार.

फ्लोचा जन्म १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडचा. उंची ६ फूट ५ इंच. लहानपणी तिला या उंचीचा संकोच वाटायचा. पुढे हीच उंची तिची ताकद बनली. नेटच्या वरून येणारा तिचा स्मॅश अडवणं भल्याभल्यांना जमायचं नाही.

१९८० मध्ये अमेरिकेचा संघ मॉस्को ऑलिंपिकसाठी पात्र ठरला होता. पण सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसल्यामुळे अमेरिकेनं बहिष्कार टाकला. फ्लोला आणखी चार वर्षं थांबावं लागलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे घराजवळच, तिच्या संघानं सिल्व्हर मेडल जिंकलं. अमेरिकन महिला व्हॉलीबॉलचं हे पहिलं ऑलिंपिक पदक.

पण तेव्हा अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीगच नव्हती. पैसे घेऊन खेळायचं तर देश सोडावा लागणार होता. म्हणून फ्लो जपानला गेली.

तिच्या मृत्यूनंतर आधी हार्ट अटॅकचा अंदाज बांधला गेला. पोस्टमॉर्टममध्ये मात्र वेगळंच कारण समोर आलं. तिला मार्फन सिंड्रोम होता आणि हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फाटली होती.

मार्फन हा जनुकीय आजार आहे. यात शरीराला आधार देणाऱ्या ऊती कमकुवत असतात. जास्त उंची, लांब हातपाय, लांबसडक बोटं ही त्याची लक्षणं. प्रत्येक उंच माणसाला तो असतो असं नाही. पण खेळाडूच्या बाबतीत हीच लक्षणं देणगी वाटतात आणि आजाराची शंकाच येत नाही. फ्लोचं तेच झालं.

हा आजार घराण्यात असू शकतो, म्हणून तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही मार्फन निघाला. वेळेत ऑपरेशन झालं आणि तो वाचला.

आज टूडी इकोसारख्या साध्या तपासणीत ही रक्तवाहिनी फुगलेली दिसू शकते. फ्लोच्या बाबतीत ती शंका यायलाच उशीर झाला होता.