कै. पु. ल. देशपांडे : पोटाची नोकरी आणि जिवाची पेटी

भरगच्च नाट्यगृह एकट्याच्या बळावर हसवीत ठेवणारे कै. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध मात्र सामान्य गृहस्थाच्या ओढाताणीचाच होता. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. आजोळ कारवारकडच्या दुभाषी घराण्यातले. आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत आणली होती. बालपण पार्ल्यात गेले व हार्मोनियमवर हात तेथेच बसला. पुढे वडील निवर्तले आणि संसाराचा भार तरुण खांद्यांवर आला. गाण्याच्या शिकवण्या, कारकुनी, शाळामास्तरकी, जे मिळेल ते त्यांनी केले.

काही काळ ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. रावसाहेब हे अविस्मरणीय व्यक्तिचित्र ही त्या गावाचीच देणगी. चित्रपटांतही त्यांनी उमेदीची वर्षे घातली. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त कथा, दिग्दर्शन, संगीत व प्रमुख भूमिका त्यांचीच होती. त्याच वर्षीच्या 'देवबाप्पा'तील 'नाच रे मोरा'ची चाल तर आज घरोघरी मुलांच्या तोंडी आहे. इतके करूनही ते चित्रसृष्टीत रमले नाहीत.

१९५५ साली ते आकाशवाणीत रुजू झाले. आपल्या मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या कंठातून पाडगावकरांची भावगीते महाराष्ट्राने ऐकली, त्यांतील काहींच्या चाली पुलंच्या. लंडनला बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आल्यावर १९५९ साली दिल्लीत सुरू झालेल्या दूरदर्शनचे ते पहिल्या निर्मात्यांपैकी एक ठरले. चाळिशीतला मनुष्य, केंद्र सरकारचे पद, पुढे बढतीची वाट मोकळी. अशी जागा कोण सोडतो? कचेरीत हयात घालविलेल्यांनाच या प्रश्नाचे वजन कळेल. पुलंनी ती सोडली.

१९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकपात्री रूपाने रंगमंचावर आली. चाळीतले सारे बिऱ्हाडकरू एका देहात वावरू लागले. कान गवयाचा असल्यामुळेच प्रत्येकाच्या बोलण्यातला सूर त्यांना अचूक पकडता आला असावा. पाठोपाठ 'वाऱ्यावरची वरात' आली. पडद्याआडचा सारा कारभार व काटेकोर हिशेब पत्नी सुनीताबाई सांभाळीत. त्यांच्या शिस्तीवाचून हा व्याप निभावला नसता. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, १९६६ साली पद्मश्री, पुढे इतर मानसन्मान.

एके काळी शिकवण्यांवर घर चालविणाऱ्या या गृहस्थाने मिळकतीचा मोठा वाटा प्रतिष्ठान स्थापून लोकोपयोगी संस्थांना दिला. १९८६ साली पुण्यात निघालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रास त्याच देणगीचा आधार होता. अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांना ग्रासले. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले.