गंधकावर जगणारा जिवाणू आणि विनोग्राडस्की

दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हा प्रश्न दरवर्षी अनेक घरांची झोप उडवतो. एकदा निवड चुकली की सारे संपले, असे पालकांनाही वाटते. म्हणून या अंकात आम्ही शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे सधन कुटुंबात झाला. आधी त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो सोडून विज्ञान घेतले. तेही सोडून सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकायला गेले. तिथेही मन रमेना, तेव्हा ते पुन्हा विज्ञानाकडे वळले आणि मग तिथेच स्थिरावले.

१८८५ साली ते स्ट्रासबर्गला गेले. गंधकयुक्त झऱ्यांत पांढऱ्या धाग्यांसारखा वाढणारा बेगियाटोआ नावाचा जिवाणू त्यांनी अभ्यासाला घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली ते या धाग्यांवर सतत नजर ठेवत. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, असला की धाग्यांत गंधकाचे कण साठत. वायू संपला की कण हळूहळू नाहीसे होत. हा जीव गंधकापासून ऊर्जा मिळवतो, हे त्यांनी १८८७ साली दाखवून दिले.

पुढे झुरिक येथे, १८९० च्या सुमारास, त्यांनी मातीतील आणखी दोन प्रकारचे जिवाणू शोधले. एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. शेणखतातील नत्र पिकाला मिळते ते बऱ्याच अंशी यांच्यामुळेच. हे जिवाणू सूर्यप्रकाशाविना, कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतात. हे काम फक्त हिरव्या वनस्पतीच करतात, हा समज त्यामुळे मोडला.

रशियन क्रांतीनंतर त्यांना घरदार सोडून परदेशी जावे लागले. १९२२ साली पाश्चर संस्थेने त्यांना बोलावले. वयाच्या ६६ व्या वर्षी, पॅरिसजवळच्या एका लहान गावात, त्यांनी मातीतील जिवाणूंवर नव्याने काम सुरू केले. त्या कामाचा मोठा ग्रंथ १९४९ साली निघाला. १९५३ साली, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा एक प्रयोग शाळेतही करता येतो. उभट काचेच्या बरणीत तळ्यातला गाळ, कागदाचे कपटे, थोडा अंड्याचा बलक आणि तळ्याचे पाणी घालावे. सैल झाकण लावून बरणी उजेडाच्या खिडकीत ठेवावी. काही आठवड्यांत काळे, हिरवे, जांभळट थर दिसू लागतात. हा प्रयोग विज्ञानाच्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. आणि हो, पहिले काही दिवस नुसता चिखलच दिसेल. म्हणून बरणी टाकून देऊ नका!