फ्रान्सिस डेव्हिस

फ्रान्सिस राइट डेव्हिस (१८८७ – १९७८) हे अमेरिकन यांत्रिकी अभियंता व संशोधक होते. मोटारगाड्यांसाठी व्यवहार्य ठरलेल्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण व नोकरी
डेव्हिस यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. इ.स. १९१० मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यानंतर ते बफेलो येथील पिअर्स-ॲरो या कंपनीत रुजू झाले व तिच्या मालमोटार विभागाचे मुख्य अभियंता बनले. अवजड मालमोटारी वळवताना चालकांना करावे लागणारे कष्ट त्यांनी तेथे जवळून पाहिले.

संशोधन
१९२० च्या दशकाच्या प्रारंभी नोकरी सोडून त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉल्थॅम येथे लहानशी कार्यशाळा भाड्याने घेतली. जॉर्ज जेसप हे कुशल कारागीर त्यांच्या साहाय्यास होते. तेल सतत उच्च दाबाखाली ठेवल्यास गळती होते, ही मोठी अडचण होती. डेव्हिस यांनी झडप मधल्या स्थितीत उघडी ठेवली. त्यामुळे गाडी सरळ जात असताना पंपातील तेल जवळजवळ दाबाविना फिरत राहते. चालकाने चक्र वळवताच झडप किंचित सरकते, तेलाचा परतीचा मार्ग अरुंद होतो आणि दट्ट्याच्या एका बाजूस दाब निर्माण होऊन चाके वळण्यास साहाय्य मिळते.

ही यंत्रणा त्यांनी १९२१ सालच्या पिअर्स-ॲरो रोडस्टर या उघड्या, दोन आसनी गाडीत बसवली. मूळ रचनेत नसलेली यंत्रणा वापरातील गाडीत नंतर बसवण्याचे हे आरंभीचे यशस्वी उदाहरण होय. इ.स. १९२६ मध्ये ते ही गाडी घेऊन डेट्रॉइटला गेले व तेथील उत्पादकांना तिचे प्रात्यक्षिक दाखवले.

प्रतीक्षा व स्वीकार
जनरल मोटर्सने डेव्हिस यांच्याशी करार केला. परंतु आर्थिक महामंदीच्या काळात खर्च परवडणारा नसल्याने उत्पादन लांबणीवर पडले. इ.स. १९३६ मध्ये त्यांनी बेंडिक्स कंपनीशी करार केला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती व अवजड लष्करी वाहनांमध्ये ही यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

इ.स. १९५१ मध्ये क्रायस्लरने इंपीरियल या गाडीत पॉवर स्टीअरिंग प्रथम विक्रीस आणले. ते डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांवर आधारित होते. त्यानंतर जनरल मोटर्सने त्यांच्याशी पुन्हा करार केला आणि १९५२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये ही सोय उपलब्ध झाली. पहिल्या प्रात्यक्षिकापासून तोवर सुमारे पाव शतक लोटले होते.

प्रभाव
आज अनेक मोटारींत विजेवर चालणारे स्टीअरिंग असले, तरी अवजड वाहनांत तेलाच्या दाबाची पद्धत टिकून आहे. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात चिखलणीसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक ट्रॅक्टरांतही तेलाच्या दाबावर चालणारे स्टीअरिंग असते. जुन्या मोटारींचे जतन करणारे हौशी लोकही मूळ गाडीत अशी यंत्रणा बसवून घेतात; डेव्हिस यांनी रोडस्टरवर केलेले काम हेच होते.