पत्तीचा बाप : जॉन हॅरिसन

लॅबमध्ये सरांनी एकदा जुना एमसीबी उघडून दाखवला. आत एवढीशी पत्ती! दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवलेले. लोड वाढला की पत्ती तापते, एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे ती वाकते आणि खटका पडतो. 16 अँपिअरचा एमसीबी 18 ला तासभर तरी पडत नाही, 24 ला तासाच्या आत पडायलाच हवा, आणि 41 च्या वर गेलं तर मिनिटभरात. (हॉस्टेलवाल्यांनो, पडल्या पडल्या परत वर करू नका. पत्ती अजून गरमच असते!)

ही पत्ती एडिसनची असेल असं मला वाटलं होतं. पण ती निघाली एका सुताराच्या मुलाची, तीसुद्धा विजेच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची.

जॉन हॅरिसनचा जन्म 1693 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. घड्याळं बनवायला तो स्वतःच शिकला. त्या काळी भर समुद्रात रेखांश कळत नसे, जहाजं खडकांवर आपटत. 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने या प्रश्नाला 20,000 पौंडांचं बक्षीस लावलं. घड्याळ चार मिनिटं चुकलं की रेखांश एक अंश चुकतो. आणि उकाड्यात घड्याळाची स्प्रिंग सैल पडून ते मागे पडायचंच.

तिसऱ्या घड्याळावर हॅरिसनने तब्बल 19 वर्षं घालवली. त्यातच त्याने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या रिव्हेटने जोडल्या. तापमान बदललं की पट्टी वाकून स्प्रिंगची लांबी आपोआप जुळवून घेई. एवढं करूनही ते घड्याळ त्याच्या मनासारखं चाललं नाही! आपण एक सबमिशन चुकलं तरी रडतो.

मग त्याने खिशातल्या घड्याळासारखं, पण चांगलं तळहाताएवढं चौथं बनवलं. 1761 मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. 81 दिवसांत फक्त 5 सेकंदांची चूक! तरी परीक्षक मंडळाला तो नशिबाचा भाग वाटला. पुन्हा चाचणी, पुन्हा अटी. मला तर वाचतानाच राग येत होता. शेवटी राजा तिसरा जॉर्ज त्याच्या बाजूने उभा राहिला आणि 1773 मध्ये संसदेने 8,750 पौंड दिले. तेव्हा तो ऐंशीचा होता. 1776 मध्ये तो गेला.

ते तिसरं घड्याळ ग्रीनिचच्या वेधशाळेत ठेवलंय, पत्तीसकट.