न दिसणारी उष्णता शोधणारे हर्शेल

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात तुम्ही बारीक बारीक भाग बसवलेली हिरवी पट्टी पाहिली असेल. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. त्यातला एखादा भाग बिघडला, तरी बाहेरून काही कळत नाही. पण त्यातून जास्त वीज वाहू लागली, की तो तापतो. थर्मल कॅमेऱ्यातून पाहिले, तर पडद्यावर तेवढाच भाग उठून दिसतो. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारे किरण टिपतो. त्या किरणांचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे मूळचे वादक होते!

हर्शेल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये होते. मुलगाही त्याच बँडमध्ये शिरला. १७५७ साली, युद्धाच्या धामधुमीत, तो इंग्लंडला गेला. पुढे बाथ शहरात ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि संगीताच्या शिकवण्या करत. रात्री मात्र गणित आणि आकाश! मोठी दुर्बीण विकत घेणे परवडेना, म्हणून ते धातूचे आरसे स्वतःच घासू लागले. एकदा तर सलग सोळा तास त्यांनी हात थांबवला नाही. तेव्हा बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवत होती. अशाच घरी बनवलेल्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस ग्रह सापडला.

आता १८०० सालाकडे या. सूर्य पाहण्यासाठी हर्शेल दुर्बिणीला रंगीत काचा लावत. काही काचांतून उजेड कमी येई, तरी डोळ्याला चटका बसे. असे का व्हावे? त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश सोडला, सात रंगांचा पट्टा पाडला आणि काळा रंग दिलेले तापमापक घेतले. एक रंगात ठेवला, दोन तुलनेसाठी बाजूला सावलीत. जांभळ्या रंगात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला, तांबड्यात सुमारे ७ अंश. मग उष्णता तांबड्याच्या कडेलाच संपते कशावरून? त्यांनी तापमापक त्या कडेपलीकडे सरकवला. तिथे कोणताच रंग नव्हता, तरी पारा आणखी वर चढला!

या किरणांना मराठीत अवरक्त म्हणतात. 'अव' म्हणजे खाली. उर्दू लिहिताना तुम्ही अक्षराखाली 'ज़ेर' देता ना, तसेच हे तांबड्याच्या 'खालचे' किरण.

हर्शेल यांचे एक अनुमान मात्र चुकले. उष्णता आणि प्रकाश हे वेगळे किरण आहेत, असे त्यांनी ठरवले. दोन्ही एकाच जातीचे असून फक्त तरंगलांबी वेगळी असते, हे नंतर सिद्ध झाले. मला तर वाटते, तापमापक अंधारात सरकवणे हेच मोठे काम होते.

थर्मल कॅमेराही कधी फसवतो बरे का! चकचकीत धातू तापला, तरी हे किरण कमी सोडतो, म्हणून पडद्यावर तो थंड भासतो. जाणते कारागीर त्यावर आधी मंद रंगाची चिकटपट्टी लावतात.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी हर्शेल यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा जॉन याने १८४० साली काजळी धरलेला कागद मद्यार्कात भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. उष्णता लागली, तिथे कागद आधी सुकला आणि न दिसणाऱ्या किरणांचा ठसा उमटला. त्या ठशाला जॉनने थर्मोग्राम म्हटले. कॅमेऱ्यातल्या उष्णतेच्या चित्रालाही आज तेच नाव आहे.