डॉ. कोटणीसांचा आजार आज कसा तपासला असता?

सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. अपस्माराचे झटके येत असतानाही ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२व्या वर्षी, याच आजाराने ते गेले. मुलगा जेमतेम काही महिन्यांचा होता.

झटका मेंदूत कुठून सुरू होतो, हे पाहायला तेव्हा एमआरआय नव्हता. त्यामागचा चुंबकीय अनुनाद पाण्यात आणि मेणात टिपल्याचे १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. चारच वर्षांनी! आता एमआर स्पेक्ट्रोस्कोपी कवटी न उघडता मेंदूतील रसायने मोजते. चेतापेशींना इजा झालेल्या भागात ‘एनएए’ हे रसायन घटते. त्यावरून झटक्यांचे मूळ शोधायला मदत होते. उपचार मात्र औषधांनी, काही रुग्णांत शस्त्रक्रियेने.